डावा पीळ

ट्रॉलीबसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर औषधांच्या दुकानातली गुलसुन बसली होती. नुसती बसली असती तर माझं काही जात नव्हतं. पण तिच्या तोंडाला कधी विश्रांती नाही. तिने मान वळवली, माझ्या मांडीवरच्या लोकरीच्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणाली, "मग काय उमसुनाय-एजे, गुरुवारनंतर एकट्याच का तुम्ही? कालिपा चालली ना रशियात समाराला, पोरीकडे. शिवणयंत्र माझ्या भाचीने घेतलं तिचं. छान चालतंय हो अजून." मी म्हणाले, "हो, माहितीये मला." इतकं पटकन म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. वर हसलेसुद्धा. कालिपा म्हणजे माझी धाकटी जाऊ, मला थोरली म्हणून एजे म्हणणारी. नात्याने जाऊ, एरवी सांगायचं तर जिच्या शेजारी बसून माझं सगळं आयुष्य गेलं ती बाई. पाहुणी म्हणून जाणारी माणसं शिवणयंत्र विकत नाहीत. ती कायमची चालली होती, आणि हे मला खोकल्याच्या गोळ्या विकणारी बाई सांगत होती, आणि मी हसत होते. काचेवर बर्फाची साय धरली होती. ती मी नखाने खरवडत बसले आणि माझा थांबा मागे राहिला.

आमचं नारीन म्हणजे नदीला धरून पसरलेला एक रस्ता. थांबा चुकला की आल्या वाटेने परत फिरायचं, दुसरीकडे जायला जागाच नाही. मी उतरले आणि उलटी चालायला लागले. डोंगरावरून वारा येत होता, कान दुखत होते, आणि मी मनातल्या मनात कालिपाशी भांडत होते. काय गं, मला सांगायला तोंड शिवलं होतं का तुझं? गुलसुनच्या भाचीला सांगता येतं, मला नाही? मग वाटलं, कदाचित आज सांगणार असेल. आत्ता मी दारातून आत शिरेन आणि ती म्हणेल, एजे, बस, तुझ्याशी बोलायचंय. हे मनात आल्याबरोबर पाय भराभर पडायला लागले, आणि लगेच मला त्या पायांचा राग आला. मी का धावायचं? वाटेत एका टपरीवर थांबून मी कारण नसताना कांदे घेतले. घरात पोतंभर पडलेत.

आम्ही कलावंत लोक जुन्या बालवाडीत बसतो. कलावंत हा शब्द बिश्केकहून आलेल्या साहेबांनी दिला. दारावर तशी पाटीही लावून गेले. भिंतींवर लहान मुलांच्या उंचीच्या खुंट्या आहेत आणि प्रत्येक खुंटीवर एकेक चित्र, म्हणजे ज्या पोराला वाचता येत नाही त्याला आपली खुंटी कळावी. माझ्या खुंटीवर साळिंदर आहे, कालिपाच्या खुंटीवर छत्री. शेजारच्या खोलीत चामड्याचं काम करणारा असनकुल बसतो, वर जिन्यापाशी एक चित्रकार, जो जन्मभर तोच पांढरा घोडा काढतोय आणि दर वेळी नवा म्हणून दाखवतो. आमची खोली सगळ्यात गरम, कारण नमद्याला, म्हणजे लोकर भिजवून, तुडवून केलेल्या जाड कापडाला, गरम पाणी लागतं, आणि सगळ्यात घाणेरड्या वासाची, कारण ओल्या लोकरीचा वास काही केल्या भिंतींतून जात नाही. मला तो वास आवडतो. त्या दिवशी मात्र आत शिरल्यावर मी दार उघडंच ठेवलं.

कालिपा खिडकीशी बसून टकळी फिरवत होती. डाव्या हाताने. "आज उशीर, एजे?" तिने विचारलं. "ट्रॉलीबस," मी म्हणाले. "बरं," ती म्हणाली. बास. एवढंच. मी कोट साळिंदराला अडकवला, कांदे कोपऱ्यात ठेवले आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिले, तिला सोपं जावं म्हणून. माणसाला पाठीशी बोलणं सोपं जातं. टकळीची घरघर चालू राहिली. मागे वळून बघितलं तर ती सूत बोटाला गुंडाळत होती, चेहरा स्वच्छ, जणू काही घडलेलंच नाही. तिच्या टोपलीत डाव्या पिळाच्या दोऱ्याचे गुंडे रचलेले होते, लाल, काळे, पिवळे. गेला महिनाभर मी ते वाढताना बघत होते. एकदा विचारलंही होतं, एवढं काय करायचंय? "असू दे, लागतं," म्हणाली होती. मला वाटलं, म्हातारपणी बाईला कामाचा झपाटा आला. आता कळलं. गावाला जाताना मांजरासाठी दूध ठेवून जातात, तसे ते माझ्यासाठी ठेवलेले होते. मी खालीच बसले.

आमचा शिर्दाक, नमद्याचा गालिचा, कसा होतो ते ज्याने केला नाही त्याला सांगून कळत नाही, पण एवढं तरी कळावं: दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवून एकदम कापायचे, याची वेलबुट्टी त्याच्या पोटात बसवायची, आणि जिथे दोन रंग भेटतात तिथे शिवण झाकायला दोन दोरे शेजारी शेजारी टाचायचे. एक उजव्या पिळाचा, एक डाव्या पिळाचा. दोघांच्या तिरप्या रेघा समोरासमोर येतात आणि गव्हाच्या लोंबीसारखी नक्षी उमटते. दोन्ही एकाच पिळाचे असले तर सगळ्या रेघा एकाच बाजूला पडतात, नजर घसरते, आणि गालिचा नवा असतानाच दमल्यासारखा दिसतो. उजवा पीळ कोणीही घालतं. डावा घालायला हात तसा लागतो. कालिपा जन्माची डावरी. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी तिला पहिल्याच दिवशी चहा ओतायला सांगितला आणि हिने डाव्या हाताने ओतला. सगळ्या पाहुण्यांसमोर! सासूबाईंनी तिच्या मनगटावर चमचा मारला. मी मागे उभी होते, मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं, कारण तोवर तो चमचा माझ्याच वाट्याला यायचा. पण महिनाभराने सासूबाईंनी तिला सूत कातताना बघितलं आणि बघतच राहिल्या. "चहा उजव्या हाताने," त्या म्हणाल्या, "सूत डाव्या." मग मला बोलावून म्हणाल्या, "तू हिच्या शेजारी बस." तेव्हापासून मी बसले ती बसलेच.

दुपारी चहाला आम्ही नेहमीसारख्या समोरासमोर. पाव, जर्दाळूचा मुरंबा, कुरुतचे, वाळवलेल्या दह्याचे, दोन खडे. मी ठरवलं, आपण विचारायचं नाही, पण तिला वाट करून द्यायची. म्हणाले, "जुलैच्या प्रदर्शनाला तो निळा झगा घालशील ना, चांदीच्या गुंड्यांचा?" "बघू," ती म्हणाली. "पुढच्या हिवाळ्यात मोठा शिर्दाक करू एक, ढगाळ रंगाचा." "हं." "लोकर आत्ताच सांगून ठेवायला हवी." ती कुरुत चघळत राहिली. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, पटकन, डोळ्यांच्या कोपऱ्यातून. त्या बघण्यात काहीतरी होतं. तेव्हा मला ते लबाडीचं वाटलं. असनकुल दारातून डोकावला. "काय जावाजावा, आज रेडिओ बंद का?" "बॅटरी गेली," मी म्हणाले. कालिपा हसली नाही. एरवी ती माझ्या असल्या बोलण्यावर चहा सांडेपर्यंत हसते.

ज्या हिवाळ्यात शार्शेन गेला, तिचा नवरा, माझा दीर, त्या हिवाळ्यात ती बोलायचीच बंद झाली होती. तिची पोर पेरिझात तेव्हा शाळेत जायला लागली होती. मी त्या पोरीच्या वेण्या घालायचे, शाळेत सोडायचे, आणि मग येऊन कालिपाजवळ बसायचे. ती एका बाजूने डावा दोरा टाचायची, मी दुसऱ्या बाजूने उजवा, आणि मध्ये कुठेतरी आमच्या सुया भेटायच्या. दिवसच्या दिवस एक शब्द नाही. लोक म्हणायचे, उमसुनायने जावेला सांभाळलं. खोटं. माझं पोट कधी पिकलं नाही हे सगळ्या नारीनला माहीत आहे. त्या काळात माझा नवरा ओमुर घरी यायचा तो जेवायला आणि झोपायला. मला कुठे जायचं होतं? शार्शेन मेला आणि मला पहिल्यांदा कोणालातरी मी लागले. हे असं कोणाला सांगता येत नाही. पण ती वाट्टेल तेव्हा टकळी घेऊन उठेल आणि निघून जाईल, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. डोंगर जाईल का कधी उठून?

घरी ओमुर टीव्हीवर कुस्ती बघत होता. मी भांडी आपटली. कांदे कपाटात कोंबले, ते गडगडत बाहेर आले. "काय झालं?" तो म्हणाला. सांगितलं. "मग विचार ना तिला," तो म्हणाला, नजर पडद्यावरून न काढता. "मी विचारू? मी थोरली आहे. सांगायचं तिने." "मग नको विचारू." "म्हणजे तुला काहीच वाटत नाही?" "मला वाटून काय उपयोग, मला कुठे सूत कातता येतं," तो म्हणाला आणि कोणीतरी चीत झाला म्हणून टाळी वाजवली. या माणसाबरोबर मी इतकी वर्षं एका छपराखाली कशी काढली! पण त्याचं ते एक वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. सूत. त्याला वाटत होतं माझं रडगाणं दोऱ्यासाठी आहे. मग मलाही वाटायला लागलं की दोऱ्यासाठीच असावं. तसं वाटणं सोयीचं होतं. दोऱ्याचा प्रश्न सोडवता येतो.

दुसऱ्या दिवशी मी बालवाडीत गेलेच नाही. असनकुलला फोन करून सांगितलं की अर्धा झालेला शिर्दाक माझ्याकडे पोचव, पाठ दुखतेय, घरी टाचते. तो गाडीत घालून घेऊन आला, म्हणाला, "कालिपा विचारत होती." "काय विचारत होती?" "तुझी पाठ." मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. गालिचा सगळ्या खोलीभर अंथरला, टकळी घेतली आणि डावा पीळ घालायला बसले. काय अवघड आहे त्यात? उलटी फिरवायची. फिरवली. दोन वेळा फिरली आणि बोटांनी आपोआप तिला परत उजवीकडे वळवलं. घातलेला पीळ सुटला, लोकर मोकळी होऊन मांडीवर पडली. पुन्हा घातला. डाव्या हाताने प्रयत्न केला. डावा हात बापडा नुसता ताठ, त्याला काही कळेचना. आरशासमोर बसून बघितलं, तेव्हा तर काय चाललंय तेच समजेना. लोकर तुटत होती, घाम येत होता, मी स्वतःला शिव्या घालत होते, कालिपाला घालत होते, समाराला घालत होते, जिथे मी कधी गेले नाही. जेवायची वेळ टळून गेली. माझी बोटं सासूबाईंनी वळवली होती तशीच वळत होती.

आणि मग मी ती गोष्ट केली. माझ्याकडे उजव्या पिळाचा लाल दोरा होता, गुंडाच्या गुंडा. मी त्याचं टोक धरलं, आणि वाटलं, हे काय, हा दुसऱ्या टोकाकडून धरला की झालं! उलटा धरला की उलटा पीळ. इतकं सोपं, आणि आजवर कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? मला इतका आनंद झाला की मी उठून पाणी प्यायले. गुंडा सगळा उलगडून दुसऱ्या टोकाकडून गुंडाळला, सरळ दोऱ्याशेजारी ठेवला आणि टाचायला बसले. नमद्यातून सुई ओढताना होतो तो आवाज येत होता, जाड, ओला, आणि प्रत्येक टाक्याबरोबर मी कालिपाला म्हणत होते, जा. जा बाई. बघ, तुझ्यावाचून कोणाचं अडत नाही. एक पूर्ण बाजू झाली, कोपरा वळला, दुसरी बाजू अर्धी झाली. कमरेत कळ आली म्हणून उठून उभी राहिले आणि वरून बघितलं. सगळ्या रेघा एकाच दिशेला. लोंबी नाहीच. पावसात झोडपलेल्या गवतासारखं सगळं एका अंगाला आडवं. दोरा या टोकाकडून धरा नाहीतर त्या टोकाकडून, पीळ तोच राहतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरींना कळतं. नवीन पोरी पहिल्या आठवड्यात ही चूक करतात आणि आम्ही दोघी त्यांना हसतो. मी त्या गालिच्यावर फतकल मारून बसले आणि मला रडूसुद्धा येईना. हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

बुधवारी दुपारी ती आली. दार वाजवून आली, एरवी कधी वाजवत नाही. टोपली आणली होती, सगळे गुंडे घेऊन. मी गालिचा झाकायला चादर शोधत होते तोवर ती आत. बूट काढले, मोज्यांवर चालत आली आणि काठापाशी थांबली. "हे काय?" ती म्हणाली. तिने वाकून दोऱ्यावर बोट फिरवलं. "दोन्ही उजवे?" "एक उलटा धरलाय," मी म्हणाले. ती माझ्याकडे बघत राहिली. "एजे," ती म्हणाली, "तू?" आणि तिला हसू फुटलं. आधी तिने तोंडावर हात ठेवला, मग ठेववेना. मलाही फुटलं. दोन म्हाताऱ्या बायका गालिच्यावर बसून पोट धरून हसत होत्या, मी तिच्या खांद्यावर थापा मारत होते, "हसू नको गं, मेले मी," म्हणत होते. हसता हसता तिचे डोळे पुसणं थांबेना, तेव्हा मला कळलं की ती आता हसत नाहीये.

"तू मला सांगितलं नाहीस," मी म्हणाले.

"तुला माहीत होतं. गुलसुन म्हणाली मला, एजेला सांगितलं तर त्या हसल्या, माहितीये म्हणाल्या. मी म्हटलं, चला, एजेला काही नाही त्याचं."

"आणि मी काय करायला हवं होतं? ट्रॉलीबसमध्ये छाती पिटायची?"

"मला विचारायचं."

"मी थोरली आहे!"

"हो, आहेस ना. मग अडवायचं थोरल्याने." ती नाक पुसत म्हणाली. "मी त्या दिवशी चहाला वाट बघत होते. तू प्रदर्शनाचं बोललीस, लोकरीचं बोललीस. वाटलं, आता म्हणेल, आता म्हणेल. तू म्हणालीस, बॅटरी गेली."

मी तिचं ते कोपऱ्यातून बघणं आठवलं आणि मला स्वतःच्या कानफटात मारावीशी वाटली. ती सांगत होती: पेरिझातला मुलगा झालाय, नवरा निघून गेला, गोदामात पाळ्या लागतात, तान्ह्याला शेजारणीकडे टाकून जाते. मी म्हणाले, "मग तिला घेऊन ये इकडे. दोघांनाही." "इकडे येऊन काय करेल ती, नमदे तुडवेल?" "आपण नाही का तुडवले?" "म्हणूनच तर," ती म्हणाली. मी म्हणाले, "मग मी काय करू?" आवाज इतका लहान निघाला की माझाच वाटेना. तिने कात्री घेतली आणि माझे चुकलेले टाके उसवायला लागली. मीही दुसऱ्या बाजूने उसवायला बसले. उन्हं खिडकीतून सरकत गालिच्यावरून उतरली. पहिली बाजू पूर्ण उसवून झाली तेव्हा तिने घड्याळाकडे बघितलं. पहाटेची गाडी होती, अजून भांडी द्यायची राहिली होती कोणाला तरी.

"एजे," ती म्हणाली, "बाता दे मला."

आमच्यात थोरल्यांचा बाता घेतल्याशिवाय कोणी लांब जात नाही. थोरल्याने तळहात उघडून त्याच्यासाठी मागायचं, रस्ता मोकळा राहो, अन्न मिळो, माणसं भली भेटोत. जाणाऱ्याने तळहात उघडून ते ऐकायचं. मागितलेलं संपलं की तो ओमिन म्हणतो आणि हात चेहऱ्यावरून फिरवतो. ते मागणं मग त्याचं होतं, परत घेता येत नाही. ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिने हात पुढे धरले. डावा हात उजव्यापेक्षा जाड, अंगठ्यापाशी घट्टा पडलेला. मी माझे हात उघडले. रस्ता मोकळा राहो म्हणायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. ओमुरने आत टीव्ही बंद केला, तो दारात येऊन उभा राहिलेला मला दिसला. मी पुन्हा प्रयत्न केला.

"एजे," ती हळूच म्हणाली, "हात भरून आले माझे."

"जाऊ नकोस," मी म्हणाले. हात तसेच उघडे ठेवून, बाता म्हणतात त्याच आवाजात. "कालिपा, जाऊ नकोस. मला कोणी नाही. जाऊ नकोस."

ती थांबली, मी अजून काही म्हणतेय का बघायला. माझं मागणं तेवढंच होतं.

"ओमिन," कालिपा म्हणाली. दोन्ही हात तिने कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश फिरवले, आणि बूट घालायला खाली वाकली.